आधी चालू खर्च, मग यंत्र

प्रिय मित्रा,

गावच्या कचरा व्यवस्थेचा तुझा आराखडा वाचला. नकाशा उत्तम आहे, अंदाजपत्रकही नेटकं. पण पहिल्या पानावर यंत्राची किंमत आणि सफाई करणाऱ्यांची मजुरी शेवटच्या पानावर, तीही एका ओळीत! हा क्रम उलटा कर. उद्घाटनाला पैसे देणारे पुष्कळ भेटतात. तिसऱ्या वर्षी गाडीचा टायर फाटला की कोणी फिरकत नाही. म्हणून आधी महिन्याचा चालू खर्च काढ: मजुरी, इंधन, दुरुस्ती, हातमोजे, भाडं. तो घरांच्या संख्येनं भाग. जी रक्कम येईल ती लोक दर महिन्याला देतील का, हे दारोदार जाऊन विचार. भंगार विकून सगळं भागेल असं सांगणारे भेटतीलच. पुठ्ठ्याचा भाव पडला की त्यांचा हिशेब कोलमडतो, तेव्हा विक्रीचा पैसा वरकड धर.

मग आठवडाभर काही घरांचा कचरा रोज तोलून बघ. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार गरीब देशांतल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त वाटा ओल्या कचऱ्याचा असतो. दुर्गंधी, माश्या, झिरपणारं काळं पाणी हे सगळं त्याचंच. कचरा जाळायची भट्टी विकणारा आला तर त्याला एवढंच विचार, की एवढं पाणी असलेला कचरा वरून इंधन न घालता पेटेल का? ओला कचरा जितका घराजवळ जिरेल तितका बरा. इंडोनेशियातल्या सुरबाया शहरात २००४ च्या सुमारास कोजी ताकाकुरा या जपानी तज्ज्ञानं तिथल्याच आंबवलेल्या पदार्थांतले सूक्ष्मजीव वापरून घरगुती खताची टोपली तयार केली. वस्तीतल्या बायकांनी घरोघर फिरून ती शिकवली, म्हणून ती रुजली. नुसत्या टोपल्या वाटून काही झालं नसतं.

खताचं तंत्र तू पुस्तकातून शिकशील, पण हाताची परीक्षा लक्षात ठेव. ढिगाच्या आतलं मूठभर काढून घट्ट दाब. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर आहे. धार लागली तर वाळला पाला मिसळून उलथापालथ कर. कोरडंच राहिलं तर पाणी शिंपड. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत हवा नाही. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे ओलं-हिरवं जास्त झालं, वाळला पाला कमी पडला. ढीग आतून ५५ अंशांच्या वर काही दिवस तापला पाहिजे, नाहीतर रोगजंतू आणि तणाचं बी तसंच राहतं.

वर्गीकरणाचं, म्हणजे ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याचं, मात्र वेगळं आहे. ते प्रबोधनाअभावी जितकं बुडतं त्याहून जास्त गाडीमुळे बुडतं. घरातल्या बाईनं दोन डब्यांत वेगळा ठेवलेला कचरा गाडीवाल्यानं तिच्या डोळ्यांदेखत एकाच ढिगात ओतला, की दुसऱ्या दिवसापासून ती वेगळा ठेवत नाही. का ठेवावा? गाडीत आधी दोन कप्पे कर, पत्रकं नंतर छाप.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या भागात कचरा उचलणारं कोणीच नाही, असं तू लिहिलंयस. मला ते पटत नाही. वेचक, म्हणजे कचऱ्यातला माल वेचून विकणारे, असतातच, फक्त ते कागदावर नसतात. इजिप्तमधल्या कैरोत झब्बालीन समाज पिढ्यान्‌पिढ्या दारातून कचरा उचलत आला. गोळा केलेल्यातला सुमारे ८० टक्के माल तो पुन्हा वापरात आणतो, असं मानलं जातं. २००३ च्या सुमारास शहरानं परदेशी कंपन्यांना ठेके दिले. त्यांच्यावर अट होती ती फक्त २० टक्के पुनर्वापराची, आणि लोकांनी कचरा चौकातल्या कुंडीपर्यंत न्यायचा होता. पुढे २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीनं सरकारनं देशातली डुकरं मारली. ती डुकरंच झब्बालीनांकडचा ओला कचरा खात असत. मग तो रस्त्यांवर सडू लागला.

तेव्हा आराखडा पक्का करण्याआधी वेचकांसोबत बस. ओळखपत्र, छप्पर आणि पाणी असलेली वर्गीकरणाची जागा, आणि सुक्या मालावर त्यांचा हक्क, एवढं तरी लेखी दे. 'सर्व कचरा ठेकेदाराच्या मालकीचा' असं कलम कोणी करारात घुसवलं, तर सही करू नकोस.

वजनाचा तक्ता आणि वेचकांच्या अटी, दोन्ही पाठव. मग शेडच्या जागेचं बोलू. वारा तिथून वस्तीकडे वाहत नसेल अशीच जागा निवडायची आहे, आणि त्यावरून भांडण होणारच.