‘कसर व जंग’ : यातली कसर कोणती?

मुंबईतल्या एका मराठी चर्चमध्ये संडे स्कूलला शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात (6:19) येशू सांगतो, ‘पृथ्वीवर आपल्यासाठी संपत्ती साठवू नका, तेथे कसर व जंग खाऊन नाश करतात आणि चोर घर फोडून चोरी करतात.’ मुले याचा अर्थ ‘पैसा कमी पडतो आणि लढाया होतात’ असा लावतात. शिवाय एकाने विचारले, मग काटकसर करणे वाईट का?

अर्थ चुकला आहे, पण दोष मुलांचा नाही. या वाक्यात दोन शब्द शेजारीशेजारी बसले आहेत आणि दोघांनाही तोतया जुळे भाऊ आहेत.

इथली कसर म्हणजे कीड. लोकरीची शाल किंवा ठेवणीतली रेशमी साडी ट्रंकेत वर्षभर पडून राहिली की घडीवर बारीक भोके दिसतात. त्याला ‘कसर लागली’ म्हणतात. कापड खाते ती पतंगाची अळी, उडणारा पतंग नव्हे. तिला लोकर आणि रेशीम लागते. स्वच्छ धुतलेल्या सुती कपड्याकडे ती सहसा वळत नाही, घामाचा किंवा अन्नाचा डाग राहिला असेल तर मात्र वळते. पुस्तके खाणाऱ्या चंदेरी किड्यालाही मराठीत कसरच म्हणतात, पण शुभवर्तमान मुळात ज्या ग्रीक भाषेत आहे तिथला शब्द ‘सेस’ हा नेमका कपडे खाणाऱ्या किडीचा आहे. यशयाच्या ग्रंथात (51:8) याच किडीसाठी हिब्रू ‘सास’ येतो, आणि ग्रीक शब्द त्याचाच सगा मानला जातो.

दुसरी कसर अरबी ‘कस्र’वरून, फारसीच्या वाटेने आली. कस्र म्हणजे मोडणे, तुकडा. त्यावरून तूट, उणीव. ‘काटकसर’मधली कसर ही. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी असल्याने लिंगावरून फरक कळत नाही, तो क्रियापदावरून ओळखायचा. कीड असेल तर कसर ‘लागते’ किंवा ‘खाते’. तूट असेल तर ती ‘राहते’, ‘भरून काढतात’ किंवा ‘सोडत नाहीत’. वचनात ‘खाऊन’ आहे, तेव्हा शंकेला जागा नाही.

जंगचेही तसेच. फारसीत ‘ज़ंग’ म्हणजे गंज आणि ‘जंग’ म्हणजे युद्ध; दोन वेगळे शब्द, दोन वेगळे उच्चार. देवनागरीत नुक्ता (अक्षराखालचा टिंब) गळाला की दोन्ही एकसारखे दिसतात. मुंबईत मुलांच्या कानावर हिंदी सतत पडते आणि तिथे युद्धाचा जंगच जास्त ऐकू येतो. मग आपला सरळ ‘गंज’ का नाही वापरला? वापरता आला असता. (फारसीत ‘गंज’ म्हणजे खजिना, साठा, कोठार. धान्याच्या बाजारपेठांना गंज म्हणतात ते त्यावरून, पुण्याची जुनी गंज पेठही त्यातलीच. खजिन्याचा आणि धातू खाणाऱ्या गंजाचा शब्द मराठीत एकाच रूपात यावा, हे या वचनापुढे मला फार सुंदर वाटते.)

पण मूळ ग्रीकमध्ये इथे गंजासाठीचा नेहमीचा शब्द नाहीच. तो ‘इऑस’, आणि याकोबाच्या पत्रात (5:3) सोन्याचांदीला गंज चढतो तिथे तो आला आहे. मत्तयात आहे ‘ब्रोसिस’, म्हणजे खाणे, कुरतडणे. तो धातूला खाणारा गंज असू शकतो, किंवा कोठारातल्या धान्याला खाणारी कीड, उंदीर. ‘जंग’ हे भाषांतराच्या जुन्या परंपरेने निवडलेले एक उत्तर आहे आणि ते चुकीचे नाही. ‘खाऊन’ या क्रियापदामुळे मराठीत मूळची चवही बरीचशी टिकली आहे.

‘घर फोडून’ मात्र अप्रतिम आहे. ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘खणून आरपार जाणे’. त्या काळी तिकडची घरे मातीच्या विटांची, म्हणून चोर दाराशी न जाता भिंतच पोखरत. आपल्या ‘घरफोडी’त तीच भिंत आहे.

आता कीड इतकी महत्त्वाची का, हे मुलांना सांगायलाच हवे, नाहीतर वचन पोकळ राहते. त्या काळी कपडे हीच संपत्ती होती. अरामी सेनापती नामान बरा होण्यासाठी संदेष्टा अलीशाकडे निघाला तेव्हा दहा किक्कार चांदी आणि सहा हजार शेकेल सोन्याबरोबर (किक्कार आणि शेकेल ही तेव्हाची वजने) दहा पोशाखही घेऊन गेला (2 राजे 5:5). यरीहोच्या लुटीतले आखान नावाच्या इस्राएली माणसाने जे लपवले त्यात चांदी-सोन्याच्या आधी एक उंची झगा आहे (यहोशवा 7:21). म्हणजे कपड्याला कसर, धातूला किंवा धान्याला जंग, पुरलेल्या पैशाला घरफोड्या. तिन्ही प्रकारच्या साठ्यांचा शत्रू सांगून झाला.

काटकसरीच्या प्रश्नाचे उत्तर ‘साठवू’मध्ये आहे. ग्रीकमध्ये नाम आणि क्रियापद एकाच धातूचे आहेत: ‘ठेवे ठेवू नका’ म्हटल्यासारखे. रोख कमी खर्च करण्यावर नाही, कोंडून ठेवण्यावर आहे. मला ‘संपत्ती’पेक्षा ‘ठेवा’ हा शब्द जवळचा वाटतो, कारण पुढे 21व्या वचनात मराठीत ‘धन’ येते आणि 24व्यात ‘मामोन’ या मूळ शब्दासाठीही ‘धन’च, मुळात पहिला ठेवा आहे, दुसरा मालमत्ता. स्वर्गातला ठेवा म्हणजे काय, हे लूक (12:33) मोघम सोडत नाही: आपले विका आणि दानधर्म करा. कॅथलिक बायबलमधल्या बेन सिराच्या ग्रंथात (29:10) तर चांदी दगडाखाली गंजू देण्यापेक्षा भावासाठी किंवा मित्रासाठी गमवावी, असे थेट म्हटले आहे.

वर्गात वाचताना आणखी एक जागा सुटू देऊ नका. 19 आणि 20व्या वचनांत ‘साठवू नका’, ‘साठवा’ असे अनेकवचन आहे, आणि 21व्यात एकदम ‘तुझे धन’, ‘तुझे मन’. मुळातही तसेच आहे. जमावाशी बोलता बोलता येशू एकाकडे वळला आहे. तिथे क्षणभर थांबून, एका मुलाकडे पाहून वाचा. आणि पावसाळ्यात वर्ग असेल तर घरची कसर लागलेली शाल आणि खिडकीची गंजलेली कडी सोबत न्या, शब्दार्थ फळ्यावर लिहावा लागणार नाही.