महिना 82 हजार आणि अकरा लाखांची गाडी

नागपूरच्या मनीषनगरमधल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: कोणती गाडी घ्यावी? घरात चौघं: नवरा-बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि आई. त्यांची नोकरी बुटीबोरी एमआयडीसीत, जाणं-येणं कंपनीच्या बसने. पत्नी शाळेत शिकवतात. दोघांचे मिळून हातात 82,000 येतात. घराचा हप्ता 21,000, घरखर्च आणि शाळा 31,000, एसआयपी 8,000. एफडी आणि बचत खातं मिळून 6 लाख 10 हजार शिल्लक. गाडी लागते शहरातल्या कामांना आणि महिन्यातून एकदा यवतमाळला, म्हणजे महिन्याला 700 किलोमीटर. समोर तीन पर्याय आहेत: नेक्सॉन पेट्रोल, ऑन-रोड 11 लाख 20 हजार, सात वर्षांचं कर्ज. टाटा पंचचा मधला पेट्रोल व्हेरियंट, कोटेशन 8 लाख 62 हजार. किंवा 2019 ची ब्रेझा डिझेल, 82,000 किलोमीटर झालेली, मागणी 6 लाख 40 हजार. मेव्हण्यांचा आग्रह डिझेलचा, पत्नीचा सीएनजीचा.

उत्तर आधीच सांगतो. पंच घ्या, पेट्रोल, पाच वर्षांच्या कर्जावर. नेक्सॉन चांगली गाडी आहे, पण या पगारात ती तुमची एसआयपी खाईल.

सगळे खर्च वजा केले की तुमच्याकडे महिन्याला 22,000 उरतात. गाडीचं बजेट ते आहे, ऑन-रोडचा आकडा नव्हे. आणि या 22,000 मधून फक्त हप्ता जात नाही. 700 किलोमीटरला एसी लावून 15 चा ॲव्हरेज धरला, पेट्रोल 105 रुपये धरलं, तर 4,900 पेट्रोलचे. दुसऱ्या वर्षापासून लागणाऱ्या विम्यासाठी आत्तापासून महिन्याला 1,200 बाजूला ठेवा, सर्व्हिसिंगचे 700, टायरचे 400 (टायर पाचेक वर्षांनी एकदम बदलावे लागतात, तेव्हा वीस-पंचवीस हजार कुठून आणायचे हा प्रश्न पडतो), टोल आणि धुलाईचे 500. झाले 7,700. हप्ता यावर.

शोरूमने नेक्सॉनसाठी 9 लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, 84 महिने असं बसवून दिलंय. हप्ता 14,700. वरचे 7,700 मिळवा: 22,400. पहिल्याच महिन्यात 400 रुपये कमी पडले, आणि अजून कोणी आजारी पडलेलं नाही, शाळेची फी वाढलेली नाही. सात वर्षांत व्याज जातं 3 लाख 36 हजार. सात वर्षांच्या कर्जाचा दुसरा त्रास म्हणजे पहिली तीन-चार वर्षं गाडीची किंमत मुद्दलापेक्षा वेगाने पडते. मधेच विकायची वेळ आली तर विकून आलेल्या पैशांत बँकेचं देणं फिटेलच असं नाही.

पंचचं गणित वेगळं. पण आधी ते 8 लाख 62 हजार उलगडू. एक्स-शोरूम 7,20,000. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर 11 टक्के रोड टॅक्स, म्हणजे 79,200. नोंदणी शुल्क 600, कर्जाचा बोजा चढवायचे 1,500, स्मार्टकार्ड 200. विमा 33,000, फास्टॅग 500. बेरीज 8,35,000 होते. उरलेले 27,000 म्हणजे 18,000 चा ॲक्सेसरी पॅक आणि 9,000 ‘हँडलिंग’. दोन्ही काढायला सांगा. मॅट आणि सीट कव्हर बाहेर निम्म्या पैशांत होतात, आणि गाडी यार्डातून शोरूमला आणण्याचे पैसे ग्राहकाने वेगळे द्यायचं काही कारण नाही. नंबर प्लेटचे वेगळे पैसे लावले असतील तर तेही विचारा. नव्या गाडीची एचएसआरपी (सरकारमान्य सुरक्षा नंबर प्लेट) कंपनीच देते.

विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते. थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. 1000 ते 1500 सीसीला त्याचा दर ठरलेला आहे, 10,640 अधिक जीएसटी. घासाघीस होते ती ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर. बाहेरून दोन कोटेशन आणा, तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि झीरो डेप्रिसिएशन (घसारा न कापता भरपाई) दोन्हीकडे आहे हे बघा. आयडीव्ही कमी करून स्वस्त दिसणारा विमा फसवा असतो; गाडी चोरीला गेली की कळतं.

आता 8,35,000 पैकी 3,35,000 तुमचे आणि 5 लाख कर्ज. साडेनऊ टक्क्यांनी 60 महिने, हप्ता 10,500, एकूण व्याज 1 लाख 30 हजार. वरचे 7,700 धरून 18,200. महिन्याला 3,800 हातात राहतात, एसआयपी शाबूत. बँकेत उरतात 2 लाख 75 हजार. घरखर्च, घराचा हप्ता आणि गाडीचा हप्ता मिळून 62,500 होतात, म्हणजे जवळपास साडेचार महिन्यांची सोय. ‘अजून दीड लाख घालून हप्ता कमी करू’ हा विचार मनात येईल. घालू नका. दोघांपैकी एकाचाही पगार थांबला तर एफडी कामाला येते; गाडीत गेलेले पैसे परत काढता येत नाहीत.

कर्ज घेताना दोन प्रश्न विचारा. दर फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) की रिड्युसिंग (उरलेल्या मुद्दलावर व्याज)? ‘फक्त 5.2 टक्के’ असं कोणी म्हणालं तर तो फ्लॅट दर असतो, आणि पाच वर्षांच्या कर्जावर तो आपल्या साडेनऊ टक्क्यांएवढाच भरतो. दुसरा, दर फिक्स्ड की फ्लोटिंग, म्हणजे मधे बदलू शकणारा? वैयक्तिक फ्लोटिंग कर्ज लवकर फेडलं तर बँकेला दंड लावता येत नाही, फिक्स्डवर बरेचदा लागतो. तुम्हाला दिवाळीत बोनस मिळत असेल तर हा फरक मोठा आहे. गृहकर्ज ज्या बँकेत आहे तिथे आधी जा. खातं नियमित असेल तर पाव-अर्धा टक्का सुटू शकतो.

मेव्हण्यांचं डिझेल. नेक्सॉनच्या डिझेल आणि पेट्रोलमध्ये तुमच्याच कोटेशनप्रमाणे 1,45,000 चा फरक आहे. डिझेल 20 चा ॲव्हरेज देईल आणि 91 रुपयांनी मिळेल असं धरलं तर इंधनाचा खर्च 3,200. महिन्याला वाचले 1,700. फरक वसूल व्हायला सात वर्षं. त्यात बीएस-6 डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो. मनीषनगर ते सीताबर्डी अशा छोट्या फेऱ्यांत तो पुरता तापत नाही, काजळी साचते, दिवा लागतो. रोज शंभर किलोमीटर चालणाऱ्याने डिझेल घ्यावं.

सीएनजीवर मात्र पत्नीचं म्हणणं कागदावर बरोबर आहे. पंचच्या सीएनजी व्हेरियंटला 95,000 जास्त, पण किलोला 25 चा ॲव्हरेज आणि 90 रुपये भाव धरला तर महिन्याला जवळपास 2,400 वाचतात, सव्वातीन-साडेतीन वर्षांत वसूल. अडचण नागपूरची आहे. 2022 मध्ये इथे सीएनजी किलोला 120 वर गेला होता. तो भाव धरला की वसुली पाच वर्षांवर जाते. शिवाय 1.2 लिटरचं इंजिन सीएनजीवर आणखी मंदावतं. मे महिन्यात चौघं, सामान आणि एसी घेऊन यवतमाळच्या रस्त्यावर ट्रक ओलांडताना ते जाणवेल. घराजवळच्या पंपावर सकाळी आणि संध्याकाळी रांग किती असते ते आठवडाभर बघा, आजचा भाव विचारा, यवतमाळच्या वाटेवर कुठे मिळतो ते पाहा. हे तिन्ही जमत असेल तर माझी हरकत नाही.

ब्रेझा. ती गाडी वाईट नाही, भाव वाईट आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांचा जीएसटी 18 टक्के झाला. आधी सेस धरून पेट्रोलला 29 आणि डिझेलला 31 पडायचा. नव्या गाड्या स्वस्त झाल्या की जुन्यांनीही उतरायला हवं, पण विकणारे जुनेच आकडे सांगतात. जुन्या गाडीचं कर्ज महाग असतं: साडेतीन लाख, 13 टक्के, चार वर्षं धरलं तर हप्ता 9,400. नव्या पंचपेक्षा फक्त 1,100 कमी! त्यात 82,000 किलोमीटरवर टायर, बॅटरी, सस्पेन्शन, कदाचित क्लच, असे पन्नास-साठ हजार पहिल्या वर्षात काढून ठेवावे लागतील. सव्वापाच लाखांत मिळाली तर बोलू. तेव्हाही आरसीवरचा बोजा उतरलाय का, थकीत चलान आहेत का हे परिवहनच्या साइटवर पाहा. 1 एप्रिल 2019 च्या आधीची नोंदणी असेल तर एचएसआरपी बसवलेली हवी. आणि मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सवलत) गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही, तो त्यांच्याकडेच राहतो. विम्याचा आकडा त्याप्रमाणे धरा.

व्हेरियंट निवडताना सनरूफवर पैसे घालू नका. नागपुरात मार्च ते जून ती ऊन आत घेण्याच्याच कामाची. त्याऐवजी मागच्या सीटला एसी व्हेंट असलेला व्हेरियंट घ्या. टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी गार वाऱ्यात घेऊ नका. दुपारी दोनला, उन्हात उभी असलेली गाडी मागा, चौघं बसा, वर्धा रोडवर न्या. आईंना चढता-उतरताना गुडघ्याला त्रास होतो का तेही तेव्हाच कळेल.

बुकिंगच्या आधी दोन महिने 18,200 पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका. ओढाताण झाली नाही तर जमलेल्या 36,400 मधून पहिल्या वर्षाचा विमा भरा. झाली तर कर्ज चार लाखांवर आणण्याएवढे पैसे जमेपर्यंत बुकिंग थांबवा. या काळात डिसेंबर आला तर सूट मिळेल, पण गाडीच्या कागदांवर बनवल्याचं वर्ष जुनं राहतं आणि विकताना तेच बघतात. पाच-सहा वर्षांत विकणार असाल तर 25,000 च्या खालच्या सवलतीसाठी जुन्या वर्षाची गाडी उचलू नका. दहा वर्षं ठेवणार असाल तर खुशाल घ्या.