वाचकांचे प्रश्न : सहकुटुंब रणभूमी पाहताना

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत तीन दिवस आम्ही सहकुटुंब, घरच्या मोटारीने, जुन्या लढायांची ठिकाणे आणि स्मारके पाहण्याचे ठरवत आहोत. मुलगा नववीत आणि मुलगी पाचवीत आहे. वडिलांना गुडघ्यांमुळे चढ-उतार झेपत नाही. प्रतापगड, पन्हाळा, पावनखिंड, पेरणे येथील जयस्तंभ आणि नगरचे रणगाडा संग्रहालय अशी यादी तयार आहे. क्रम कसा लावावा?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : क्रम लावण्याआधी आपल्या यादीला कात्री लावावी लागेल. प्रतापगड नैर्ऋत्येला, पन्हाळा आणि पावनखिंड दक्षिणेला, तर नगर ईशान्येला. तीन दिवसांत हे सारे बसवायचे म्हटले, तर मुलांना रणभूमीपेक्षा टोलनाकेच अधिक लक्षात राहतील. शिवाय प्रतापगडाच्या पायऱ्या आणि पावनखिंडीतली उतरण वडिलांसाठी नाहीत. आमचे मत स्पष्ट आहे : या खेपेस फक्त नगर रस्ता धरावा. त्याचे कारण केवळ सोय नव्हे; त्या एका रस्त्यावर एकाच पलटणीचा दीडशे वर्षांचा माग लागतो.

वाघोलीची कोंडी टाळण्यासाठी पहाटे निघावे आणि पहिला थांबा पेरणे येथे घ्यावा. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली आणि सकाळी कोरेगावाजवळ पोहोचली, तेव्हा भीमेपलीकडे दुसऱ्या बाजीरावांची फौज उभी होती. कंपनीचे सैन्य आठशेच्या आसपास होते : मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीचे सुमारे पाचशे शिपाई, दोन तोफा, चोवीस तोफची आणि पुणे ऑक्झिलरी हॉर्स या नव्या पलटणीचे स्वार. पेशव्यांच्या बाजूला हजारो सैन्य होते, परंतु नदी ओलांडून गावात घुसले ते त्यातले थोडेच. 1 जानेवारीचा संपूर्ण दिवस गल्लीबोळांत लढाई चालली आणि समोर नदी असूनही आत अडकलेल्यांना पाणी मिळेना. स्तंभ पाहून लगेच मोटारीत बसू नये. नदीकाठी थांबून, पात्र आणि पलीकडचे कोरेगाव यांतले अंतर मुलांना डोळ्यांनी मोजू द्यावे. तहानेचा प्रश्न का निर्माण झाला, हे तेथे आपोआप कळते. त्यानंतर स्तंभावरील मृतांची नावे वाचावीत. ‘नाक’ने संपणारी नावे महार शिपायांची आहेत आणि ती बावीस आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1 जानेवारी 1927 रोजी येथे आले होते. दरवर्षी त्या दिवशी लाखो अनुयायी अभिवादनासाठी येतात आणि वाहतूक वळवलेली असते. म्हणून आपली सहल नववर्षाला टेकत असेल, तर हे ठिकाण आधी उरकावे.

लढाई कोण जिंकले, असे नववीतला मुलगा विचारणारच. कंपनीने विजयाचा स्तंभ उभारला. स्टाँटन मात्र पुण्याला न जाता शिरूरला परतला, आणि इंग्रजांची मोठी कुमक येत असल्याने पेशवे गाव न घेताच पुढे सरकले. एवढे सांगून निर्णय त्याच्यावर सोपवावा.

त्या लढाईतल्या स्वारांची पलटण पुढे पूना हॉर्स म्हणून नावारूपाला आली आणि तिने घोडे सोडून रणगाडे घेतले. नगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) रणगाडा संग्रहालयात जाताना ही गोष्ट मुलांना वाटेतच सांगून ठेवावी, म्हणजे तिथले सेंच्युरियन आणि 1965 च्या युद्धात हस्तगत केलेले पॅटन रणगाडे केवळ फोटो काढण्यापुरते राहणार नाहीत. सेंच्युरियन घेऊन लढलेले या पलटणीचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर सप्टेंबर 1965 मध्ये धारातीर्थी पडले. त्यांचे शालेय शिक्षण पुण्यात झाले होते. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा तर जन्मच पुण्याचा. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत त्यांना वीरमरण आले. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. रणगाडे सपाट आवारात उभे असल्याने वडिलांनाही ते निवांत पाहता येतील.

नगरचा भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. मोठ्यांची ओळखपत्रे सोबत ठेवावीत आणि प्रवेशाची चौकशी आधी करावी. तिसरा दिवस हाताशी राहिला, तर जामखेडमार्गे खर्ड्याला जावे. मार्च 1795 मध्ये मराठ्यांनी निजामाला तेथे कोंडून तहाला भाग पाडले. तेथील किल्लाही भुईकोटच आहे.

प्रश्न : माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेले ते परतलेच नाहीत. खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत त्यांचे नाव सापडेल का? मुलांना दाखवायचे आहे.
– एक वाचक, हडपसर

उत्तर : बहुधा नाही. खडकीच्या कबरी मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातील आहेत, आणि तेथील 1914-1918 चे स्मारक भारतात मृत्यू आलेल्यांचे आहे. मेसोपोटेमियात पडलेल्या ज्या सैनिकांची कबर सापडत नाही, त्यांचे स्मारक इराकमध्ये बसरा येथे आहे. तेथे इंग्रज सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीनिहाय आकडाच लिहिला गेला. स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने या पक्षपाताबद्दल 2021 मध्ये माफी मागितली. तरीही नोंदवह्यांत पुष्कळ नावे आहेत आणि आयोगाच्या संकेतस्थळावर ती शोधता येतात. शोधताना नावाच्या इंग्रजी स्पेलिंगवर विसंबू नये, कारण तत्कालीन कारकुनांनी ते कानाला लागेल तसे लिहिले आहे. पलटणीचा क्रमांक ठाऊक असल्यास काम सोपे होते. मेसोपोटेमियातील कुतच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या.

मुलांना प्रत्यक्ष काही दाखवायचे असेल, तर सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी या गावी जावे. त्या एका गावाचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि त्यांचे स्मारक गावात आहे. आपल्या मूळ गावाची चावडी, जुनी शाळा आणि वेसही पाहून घ्यावी. या गावातून महायुद्धाला किती माणसे गेली आणि किती मेली, एवढाच मजकूर असलेल्या संगमरवरी पाट्या अनेक गावांत आजही आहेत, कित्येकदा रंगसफेदीखाली बुजलेल्या. तशी पाटी सापडल्यास तिचा फोटो आणि पलटणीचा तपशील आम्हाला पाठवावा. पुढचा शोध कोठे घ्यायचा, ते कळवू.