‘मोबाईल काढून घेऊ का, मॅडम?’

कॉलेजात शिकणाऱ्या मुलांचे आईवडील समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो. मुलगा रात्र-रात्र गेम खेळतो, विषय राहिलेत, मोबाईल काढून घेऊ का? आणि नाही काढून घ्यायचा, तर दिवसाला किती तास खेळू द्यायचं? या दोन्ही प्रश्नांना मी लगेच उत्तर देत नाही. का देत नाही, ते एका मुलाच्या निमित्तानं सांगते. त्याला इथं मयूर म्हणू. नाव खरं नाही आणि घरचे तपशीलही ओळख पटू नये इतके बदलले आहेत. अडचण मात्र होती तशीच ठेवली आहे.

मयूर अमळनेर तालुक्यातला, कापूस पिकवणाऱ्या घरातला. जळगावात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, दोन मित्रांसोबत खोली करून राहायचा. पहिल्या वर्षाचे दोन विषय अंगावर होतेच. २०२५च्या फेब्रुवारीत तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल लागला, त्यात आणखी तीन राहिले. त्यातला एक एम-थ्री, म्हणजे गणित. आता उन्हाळ्याच्या परीक्षेत काही निघाले नाहीत तर वर्ष जाणार, हे कळल्यावर त्याचे वडील, म्हणजे अण्णा, आणि आई दोघं आले.

“पोऱ्या हातमाईन गया, मॅडम,” अण्णांनी बसता बसताच सांगितलं. आई म्हणाली, “जेवाले बलावं तं पाच मिन्टं, पाच मिन्टं करस.” दिवाळीत अण्णांनी मोबाईल काढून घेतला होता. मयूर जळगावला परतला आणि मेसचं एक वेळचं जेवण बंद करून त्यानं मित्राचा जुना हँडसेट विकत घेतला. दरम्यान कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या सूचना चुकल्या, एका सबमिशनची तारीखही गेली. मोबाईल काढून घेतल्यानं नेमकं काय साधलं, याचा हिशेब एवढाच. आज कॉलेजच्या नोट्स, वेळापत्रक, परीक्षेचा फॉर्म, सगळं त्याच फोनवर असतं. वीस वर्षांच्या मुलाचा फोन काढून घेणं हा उपाय टिकत नाही आणि घरात अबोला मात्र टिकतो.

अण्णांचा एक मुद्दा पक्का होता. “बारावीत त्याचा गेम सरकारनं बंद केला होता, तेव्हा बरे मार्क पडले. म्हणजे गेममुळेच झालं ना हे?”

खेळ कोणता, तर बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाईलचाच भारतासाठी काढलेला अवतार. पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तो अ‍ॅप स्टोअरवरून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. मयूरची बारावी बरोबर या मधल्या काळात झाली. अण्णांचं म्हणणं वरवर बिनतोड होतं. पण मयूर एकटा बसला तेव्हा त्यानं वेगळंच सांगितलं. “ज्यांच्या फोनमध्ये आधीपासून होता त्यांचा चालूच होता, मॅडम. मी तेव्हाही खेळायचो. पण तेव्हा शिकवलेलं समजायचं.”

या एका वाक्यावर आम्ही बराच वेळ थांबलो. मी कागद दिला आणि म्हटलं, नववीपासून आजपर्यंत खेळ कधी किती वाढला आणि अभ्यास कधी कसा झाला, दोन्ही रेघा एकाच कागदावर काढ. लॉकडाऊन लागला तेव्हा तो नववी संपवत होता. ऑनलाइन तासांसाठी घरात पहिला स्मार्टफोन आला, म्हणजे मोबाईल अभ्यासाच्याच नावानं आला. २०२१ मध्ये दहावीची परीक्षा झालीच नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. अकरावी अर्धी मोबाईलवर गेली. बारावी त्यानं क्लास लावून, घोकून काढली. या सगळ्या वर्षांत खेळाची रेघ जवळजवळ एका पातळीवर होती. ती उभी चढली इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या नोव्हेंबरात. मी विचारलं, नोव्हेंबरात काय झालं? त्याला आधी आठवेना. मग म्हणाला, “युनिट टेस्ट. वीसपैकी चार.”

मुलगा मराठी माध्यमाचा. वर्गात सगळं इंग्रजीत आणि भरभर. पहिले दोन महिने तो पुढच्या बाकावर बसला, लिहून घेत राहिला, समजलं काहीच नाही. विचारायची लाज वाटली, कारण बाकीचे माना डोलावत होते. चार मार्क पडल्यावर मागच्या बाकावर गेला, मग वर्गाबाहेर. हजेरीची ७५ टक्क्यांची अट जेमतेम सांभाळायची, एवढंच कॉलेजशी नातं उरलं. खानदेशातल्या खेड्यांतून जळगाव-धुळ्याला शिकायला येणाऱ्या किती मुलांचं असं होतं, ते मी रोज पाहते, आणि त्याबद्दल घरात एक शब्द निघत नाही. घरी फक्त मोबाईल दिसतो.

खेळात मात्र तो स्क्वाडचा, म्हणजे चौघांच्या संघाचा, आयजीएल (इन-गेम लीडर) होता, म्हणजे कुठं उतरायचं, गाडी कधी काढायची, कोणाच्या अंगावर जायचं आणि कोणाला सोडून द्यायचं हे ठरवणारा. बाकीचे तिघं, त्यातला एक शहाद्याचा आणि एक इंदूरचा, त्याच्या शब्दावर हलायचे. दिवसभर ज्याला कोणी काही विचारत नाही, त्याला रात्री दहा वाजता तिघं जण वाट बघत विचारतात, “भाई, कब आ रहा है?” खेळामुळे डोकं तल्लख होतं वगैरे मी म्हणणार नाही, मयूरला तसं म्हटलंही नाही. पण हे समजून न घेता ‘दिवसाला एकच तास’ असा नियम लावला, तर तो नियम त्याच्याकडून त्याची एकमेव मान असलेली जागा हिरावून घेतो. मुलं अशा नियमाला तोंडावर हो म्हणतात आणि पांघरुणात खेळतात.

आता तासांबद्दल. या खेळाची क्लासिक मॅच शंभर जणांत सुरू होते आणि शेवटपर्यंत टिकलात तर अर्ध्या तासाच्या आसपास चालते. ती मधे थांबवता येत नाही. तुम्ही उठलात तर तुमचा खेळाडू तिथंच उभा राहून मरतो, स्क्वाडचे तिघं अडचणीत येतात आणि तुमची रँक घसरते. आईनं ‘जेवायला ये’ म्हटल्यावर येणारं ‘पाच मिनिटं’ बहुतेक वेळा खोटं नसतं, पण पाच मिनिटांत संपणारंही नसतं. अण्णांना हे मी त्यांच्या कामातून सांगितलं. शेतीची थ्री-फेज लाइट रात्री येते, तुम्ही पाणी भरायला जाता, तेव्हा अर्ध्या शेतातून कोणी घरी बोलावलं तर येता का? ते हसले नाहीत, पण मान हलवली. म्हणून घड्याळ लावायचं ते तासांचं नाही, मॅचचं. ‘नऊला बंद कर’ यापेक्षा ‘साडेआठनंतर नवी मॅच लावायची नाही’ हे पाळता येतं. घरात रोज होणारी निम्मी भांडणं एवढ्यानंच मिटतात, हा माझा अनेक घरांतला अनुभव आहे.

दुसरी गोष्ट सीझनची, म्हणजे रँक मोजायच्या ठरावीक काळाची. सीझन संपत आला की रँक वर न्यायची घाई होते, मुलं त्याला ‘पुश’ म्हणतात. नवा सीझन लागला की रँक खाली येते आणि पुन्हा चढायचं. खेळाची रचनाच रोज परत बोलावण्याची आहे, रोजची मिशन, बक्षिसांच्या पाससाठीची कामं, सगळं. हे मुलांनाही ठाऊक असतं, फक्त कोणी शांतपणे बसून विचारलेलं नसतं. मयूरला मी विचारलं, पुढचा सीझन कधी संपतो? त्यानं तारीख पटकन सांगितली. ती परीक्षेआधीच्या पंधरवड्यात येत होती. तो स्वतःच गप्प झाला.

पण खरं वळण आलं ते उत्तरपत्रिकेवरून. बोलता बोलता त्यानं सांगितलं की मॅच हरल्यावर ते चौघं नेहमी बोलतात, कोणी कुठं चूक केली, कोण उगाच उघड्यावर गेला. मी विचारलं, एम-थ्रीत कुठं मेलास? त्याला माहीत नव्हतं. नापास झालेल्या एकाही विषयाची उत्तरपत्रिका त्यानं पाहिली नव्हती. निकालानंतर ठरावीक मुदतीत फी भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. मुदत अजून संपायची होती. त्यानं अर्ज केला.

प्रत आली तेव्हा ती घेऊन तो माझ्याकडे बसला. पानं उलटताना त्याचा हात आखडत होता. लाप्लासचा प्रश्न बऱ्यापैकी सोडवलेला होता, पायऱ्यांना मार्क होते, शेवटी चिन्ह चुकलं म्हणून दोन गेले. फूरिअरचा अर्धा. पुढं व्हेक्टरचा प्रश्न क्रमांक लिहून सोडून दिलेला, आणि त्यानंतर पानं कोरी. मयूर म्हणाला, “मला वाटलं होतं मला काहीच येत नाही.” दीड वर्ष तो असंच समजत होता. त्याला बऱ्याच गोष्टी येत होत्या. दोन युनिट अजिबात येत नव्हते, आणि ते शिकवले तेव्हा तो वर्गात नव्हता. ‘मी गणितात ढ आहे’ याला उपाय नसतो. ‘मला दोन युनिट येत नाहीत’ याला असतो. कॉलेजातलाच एक सीनियर मराठीतून समजावून सांगायला तयार झाला. ते दोन युनिट त्यानं इंग्रजी शब्द तसेच ठेवून मराठीत शिकवले, आणि माझ्या मते मयूरच्या अभ्यासाला सगळ्यात मोठा हात या मुलानं दिला.

बाकीची घडी आम्ही हळूहळू बसवली. झोप पहाटे साडेतीनची होती. ती एकदम अकरावर आणायचा हट्ट धरला नाही, आधी दीड, मग साडेबारा. वाचलेलं झोपेत पक्कं होतं, त्यामुळे जागून केलेला अभ्यास आणि जागून खेळलेला खेळ दोन्ही सकाळच्या लेक्चरवर उठतात. त्याच्या खोलीवर पत्रे होते. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ला टेकतो, अशा खोलीत दुपारी कोणाचाच अभ्यास होत नाही. दिवस झोपेत आणि रात्र जागी, हे उलटं वेळापत्रक त्या पत्र्यानंही लावलं होतं. जळगावात स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी महिन्याच्या फीवर चालणाऱ्या अभ्यासिका आहेत, कूलर असतो, शांतता असते. कॉलेज सुटल्यावर तो तिथं बसू लागला. अभ्यासिकेत फोन बॅगेत. रँकच्या मॅच शुक्रवार-शनिवार रात्री, आणि आठवड्यात जेवणानंतर दोन टीडीएम (टीम डेथमॅच), कारण ती छोटी मॅच दहा मिनिटांत संपते. हे सगळं त्यानं स्वतः स्क्वाडला सांगितलं. मला वाटलं होतं ते तिघं त्याला काढतील. त्यांनी शुक्रवारची वेळ ठरवली. शहाद्याच्या मुलाचेही विषय राहिले होते, हे तेव्हा कळलं.

अण्णांचं काम वेगळं होतं. ते रोज रात्री अकराला फोन करायचे, “झोपला का?” मुलगा खोटं बोलायचा, त्यांना ते कळायचं, दोघंही बिघडून झोपायचे. तो फोन बंद करायला सांगितलं. त्याऐवजी रविवारी सकाळी निवांत बोलायचं, आणि मार्क-मोबाईल सोडून दुसरंही काही बोलायचं. अण्णांना हे जड गेलं. पहिल्या काही रविवारी ते दोघं कापसाच्या भावाबद्दल बोलले म्हणे. मला ते पुरेसं वाटलं.

सीझन संपताना मयूर घसरला. सलग काही रात्री पहाटेपर्यंत खेळला, अभ्यासिकेला गेला नाही, माझा फोनही उचलला नाही. आईवडिलांना अशा वेळी वाटतं, सगळं पाण्यात गेलं. तसं नसतं. जुनी सवय अशी अधूनमधून उसळतेच. त्याला परत आल्यावर मी एवढंच विचारलं, कोणत्या रात्रीपासून सुरू झालं आणि त्या दिवशी काय झालं होतं? त्या दिवशी प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत सगळ्यांसमोर त्याचं इंग्रजी अडलं होतं. पुन्हा तीच जागा. मग तोंडी परीक्षेची तयारी आम्ही वेगळी केली, नेहमीचे प्रश्न काढून, मोठ्यानं उत्तरं देऊन.

उन्हाळ्यात एम-थ्री निघालं, काठावर. दुसऱ्या वर्षाचा एक विषय राहिला, बाकीचे सुटले आणि तो तिसऱ्या वर्षाला गेला. अजून खेळतो. अण्णांना अजूनही ते आवडत नाही.

सगळी मुलं मयूरसारखी नसतात, हेही स्पष्ट सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. खेळावरचा ताबा सुटणं, जेवण-झोप-माणसं सगळ्यांपेक्षा खेळ वर येणं, नुकसान दिसत असूनही खेळ वाढतच राहणं, आणि हे सगळं साधारण वर्षभर चालू असणं, अशी त्याची लक्षणं दिली आहेत. मुलगा आंघोळ-जेवण सोडत असेल, खेळ थांबवल्यावर अंगावर धावून येत असेल, जगण्यात रस उरला नाही असं बोलत असेल, तर घरगुती नियम करत बसू नका, थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आणि मुलगा खेळात पैसे लावतो का, हे आवर्जून विचारा. मयूर पैसे लावत नव्हता. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, तरी त्यात अडकून कर्ज करून बसलेली मुलं येतात, आणि त्यांच्या बाबतीत मॅच मोजून भागत नाही, आधी कर्ज उघड व्हावं लागतं.

कोणाकडे जायचं हे कळत नसेल तर सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे, नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. फोन मुलानंच करायला हवा असं नाही, आईवडिलांनी केला तरी चालतो.