वयाच्या 29 व्या वर्षी तालमीत गेलो तर ओळखी होतील का, धीर येईल का?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी कोल्हापुरात येऊन आठ महिने झाले, खोली ते ऑफिस यापलीकडे कुणाशी बोलणं होत नाही, कुणी आवाज चढवला की हातपाय गार पडतात. तालमीत जावंसं वाटतं, पण कुणीतरी सांगितलं की "आधी वर्षभर जिममध्ये अंग कमव, मग मातीत उतर." हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. तालमीच्या कट्ट्यावर बसणारी जुनी मंडळी प्रत्येक नव्या माणसाला हेच ऐकवतात, आणि ते ऐकून दारातूनच परत गेलेले कितीतरी जण मी पाहिलेत.

हा सल्ला चुकीचा आहे. दंड फुगले म्हणून कुणी मानेवर हात टाकल्यावर येणारी भीती जात नाही. ती जायला मानेवर हातच पडावा लागतो, रोज, आणि तो टाकणारा माणूस आपला असावा लागतो.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्याकडे तुमच्याच वयाचा एक जण आला. हिशेबनिसाचं काम, वजन 61 किलो, चष्मा. चपला हातात धरून हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्याच्या, काठाला उभा राहिला. वस्तादांनी त्याच्या हातात फावडं दिलं. बघणाऱ्याला वाटेल नवख्याला राबवून घेतायत. तसं नाही. हौदा खणणं हेच तालमीत शिरण्याचं दार आहे. रात्रभरात माती दबून घट्ट बसते. कुस्तीआधी ती वीतभर खोल उकरायची, ढेकळं फोडायची, खडा दिसला की उचलून बाहेर टाकायचा, मग पायाने सपाट करत जायचं. मूठभर माती दाबून बघायची. गोळा झाला आणि अंगठ्याने टिचकी मारल्यावर फुटला, तर ओल बरोबर. गोळाच होत नसेल तर धुरळा डोळ्यात जाणार आणि गुडघे, कोपरं सोलणार, म्हणून पाणी शिंपडायचं. गोळा फुटतच नसेल तर पाय रुततो आणि रुतलेल्या पायावर अंग फिरलं की गुडघा जातो. अशा दिवशी लढती बंद, नुसती मेहनत, म्हणजे जोर-बैठका. मातीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर घालतात ते वेगळं. पण रोजचं काम हे, आणि ते चार-पाच जण ओळीत उभं राहून करतात. अर्धा तास शेजारी शेजारी फावडं मारलं की नाव, गाव, कुठं राहतोस हे आपसूक विचारलं जातं. ज्याला चारचौघांत बोलायला जड जातं त्याला ही सोय मोठी आहे, कारण हात कामात असतात आणि कुणाच्या डोळ्यात बघावं लागत नाही.

पुढचे दहा-बारा दिवस त्याला फक्त पडायला शिकवलं. उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला चिकटवायची, पाठ गोल करून मागे लोळायचं, दोन्ही हात अंगापासून थोडे लांब सरळ ठेवून तळव्यांनी मातीवर थाप द्यायची. दहा वेळा मागे, दहा डावीकडे, दहा उजवीकडे. सगळे नवखे एकच चूक करतात: पडताना हात मागे टेकवतात. मग सगळं वजन मनगटावर, कोपरावर नाहीतर खांद्याच्या हाडावर येतं. मी पाहिलेल्या नवख्यांच्या मोठ्या दुखापतींत ही पहिली, डावामुळे झालेल्या फार थोड्या. उकिडवं जमलं की अर्धं उभं राहून, मग पूर्ण उभं राहून.

जोड, म्हणजे रोज लढायचा जोडीदार, म्हणून त्याला पंधरा वर्षांचा, चार वर्षं मातीत लोळलेला पोरगा दिला. इथं बऱ्याच जणांचा मान दुखावतो. दुखावू देऊ नका. पोरगा वजनाने तेवढाच असतो, त्याला ताकदीची घमेंड नसते आणि तो डाव सावकाश उलगडून दाखवतो.

भीती दिसते कशी ते सांगतो. खडाखडीत, म्हणजे उभ्याने एकमेकांचा अंदाज घेताना, समोरच्याने मानेवर हात टाकला की नवखा माणूस तीन गोष्टी करतो: श्वास कोंडतो, खांदे कानाला लावतो आणि नजर जमिनीकडे नेतो. श्वास कोंडला की मिनिटाच्या आत दम संपतो. नजर खाली गेली की डोकं खाली जातं, आणि डोकं खाली गेलं की समोरचा तेच दाबून बसवतो. तिन्हींवर उपाय एकच, आणि तो मोठ्याने करायचा: प्रत्येक झटक्याला तोंडाने श्वास सोडायचा, आवाज येईल असा. डोळे समोरच्याच्या छातीवर, गळ्याच्या खाली. पहिले तीन आठवडे डाव मारायचा नाही, पडलो की उठायचं आणि पुन्हा हात लावायचा. दीड मिनिट लढत, एक मिनिट विश्रांती, अशा पाच. त्या हिशेबनिसाची नजर वर राहायला अडीच महिने लागले. त्या दिवशी त्याने पोराला पाडलं नव्हतं, उलट तोच चार वेळा पडला होता. पण चौथ्यांदा उठला तेव्हा तोंडावर माती होती, श्वास चालू होता आणि हात आपणहून पुढे आला होता. धीर म्हणतात तो हाच. ऑफिसात कुणी आवाज चढवल्यावरही शरीर हेच करतं: श्वास कोंडतो, खांदे चढतात, नजर पडते. मातीत ती सवय मोडली की बाहेरही मोडायला लागते.

मध्ये तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तो पोरगा सायकलवरून त्याच्या खोलीवर गेला, कारण जोड नसली की त्याची स्वतःची लढत बुडते. तुम्ही विचारलेल्या ओळखीचं उत्तर यात आहे. जिममध्ये आपण गेलो नाही तर यंत्र रिकामं राहतं, एवढंच. इथं एका माणसाचं अडतं. मग मालिशही एकमेकांची, थंडाईसाठी कुंडीत बदाम घोटायची पाळीही एकमेकांची, आणि चैत्रात जत्रा सुरू झाल्या की एकाच्या कुस्तीला दहा जण टेम्पोत बसून जातात. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकला 57 किलो गटात ब्राँझ जिंकलं, ते सगळ्यांना ठाऊक. पण त्यांना तिथं पोचवायला राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले आणि कराडकडच्या लोकांनी वर्गणी जमवली, हेही त्याच पदकात आहे.

आता त्या "आधी अंग कमव" वाल्यांशी माझा जुना वाद. त्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे: कच्च्या मानेच्या माणसाला मातीत इजा होते. मान्य. पण त्यावर उपाय मान कमावण्याचा आहे, दार बंद ठेवण्याचा नाही. पहिले दोन महिने डोक्यावर पूल, म्हणजे डोकं आणि पाय टेकून अंगाची कमान, करायचा नाही. त्याऐवजी तळवा कपाळाला लावून मानेने रेटायचं, दहा आकडे मोजेपर्यंत. तसंच मागून, दोन्ही बाजूंनी, रोज तीन वेळा. ढाक, कलाजंग असे उचलून टाकायचे डाव तिसऱ्या महिन्यापर्यंत कुणी तुमच्यावर मारायचे नाहीत, हे वस्तादांनी जोडीदाराला बजावलेलं असावं. जोर पाच-पाचच्या पाच फेऱ्या, बैठका दहा-दहाच्या पाच, आणि दर आठवड्याला प्रत्येक फेरीत एकेक वाढवायचा. पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारणारा चौथ्या दिवशी जिना उतरू शकत नाही आणि पुन्हा दिसत नाही. सहा महिने नुसत्या जोर-बैठका काढायला लावले तर दंड येतील, पण मानेवर पहिला हात पडेल तेव्हा तो माणूस तितकाच कोरा असेल. मोठ्या शरीराचे, मातीत पहिल्यांदा उतरलेले गडी श्वास कोंडून दोन मिनिटांत बसलेले मी पाहिलेत.

पहिला डाव एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडायचं. डाव्या हाताने मान खाली ओढायची. समोरचा उलट जोर लावून डोकं वर करतो, तेवढ्या क्षणात पाऊल त्याच्या पायाजवळ टाकून खाली जायचं, कान त्याच्या बरगडीला, खांदा मांडीला, दोन्ही हात गुडघ्यामागे बांधायचे. आधी हात पुढे गेले आणि पाय मागे राहिला की अंग लांबतं, समोरचा गडी पाय मागे टाकून छाती आपल्या पाठीवर टेकवतो आणि आपण खाली जातो. आधी पाऊल, मग हात.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. सगळ्याच तालमी नोकरदार माणसाला घेत नाहीत. काही ठिकाणी फक्त राहणारी पोरं असतात. मुलींना तर पुष्कळ जुन्या तालमींत आजही प्रवेश नाही आणि मला ते पटत नाही. त्यांनी मॅटचं केंद्र शोधावं. मॅटवर डाव वेगवान. धीरासाठी दोन्ही सारखंच. जिथं पहिल्या दिवशी नवख्याला गंमत म्हणून नव्वद किलोच्या पैलवानासमोर उभं करतात, तिथून निघून या. मणक्याचा त्रास किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. अंगावर गजकर्ण दिसलं तर ते पूर्ण बरं होईपर्यंत हौद्याबाहेर, नाहीतर सगळ्या तालमीला लागतं. कान सुजून मऊ लागला तर दाबत बसू नका. एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडून रक्त काढून घ्या, उशीर झाला की तो तसाच कडक होतो.

वेळ बहुतेक ठिकाणी पहाटे पाचच्या आसपास कुस्ती आणि संध्याकाळी मेहनत. आधी नुसतं बघायला जा, काठाला बसा, लहान पोरांना कसं शिकवतात ते बघा. पटलं तर शनिवारी मारुतीला नारळ घेऊन जा आणि वस्तादांना वय, वजन, नोकरीची वेळ सरळ सांगा. सोबत लंगोट, जांघ्या, टॉवेल, बदलायचे कपडे घ्या. आधी दोन-तीन तास पोटात जड काही नको. अंगठी, साखळी, कडं खोलीवर ठेवा आणि नखं आदल्या रात्री कापा, पायाचीसुद्धा.