ब्लास्टिंग : आधी हवेचा हिशेब

गेल्या वेळी पावडर कोटिंगबद्दल लिहिलं, आणि प्रश्न आले ते बहुतेक कोटिंगच्या आधीच्या कामाचे, म्हणजे ब्लास्टिंगचे : दाबाच्या हवेने रेती किंवा ग्रिट (धारदार बारीक दाणे) मारून गंज, जुना रंग काढायच्या कामाचे. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. पत्रं थोडी छाटली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न : बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) माझी फॅब्रिकेशनची छोटी शेड आहे. नवा १०० लिटरचा ब्लास्टिंग पॉट (रेती भरून हवेच्या दाबाने मारायचं भांडं) घेतला. कॉम्प्रेसर ५ एचपीचा. सुरुवातीला जोरात मारतो, पण मिनिटभरात प्रेशर ७ किलोवरून (दर चौरस सेंटिमीटरला) ३ वर येतं. पॉट खराब लागला का?

पॉट परत करायला धावू नका. तुमच्याकडे हवाच कमी आहे. ब्लास्टिंगमध्ये हवा किती लागणार हे पॉट ठरवत नाही, नोझलचं, म्हणजे होजच्या टोकाच्या तोटीचं, भोक ठरवतं. ७ किलोला ६ मिलिमीटरचं नोझल साधारण ८० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा खातं, ८ मिलिमीटरचं १३५च्या आसपास आणि साडेनऊचं जवळजवळ २००. तुमचा ५ एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर देतो जेमतेम १७ ते २० सीएफएम. टाकीत साठलेली हवा संपेपर्यंत काम जोरात चालतं, मग कॉम्प्रेसर धापा टाकत राहतो.

आणखी एक मेख आहे. कॉम्प्रेसरच्या प्लेटवर पुष्कळदा पिस्टन डिस्प्लेसमेंट (पिस्टन हिशेबाने किती हवा ढकलतो) लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा त्याहून बरीच कमी असते. विकत घेताना ‘फ्री एअर डिलिव्हरी’ किती, हे विचारा आणि कोटेशनवर लिहून घ्या. बाजारात पॉटवर घासाघीस होते आणि कॉम्प्रेसर ‘आहे तोच चालेल’ म्हणून ढकलला जातो. माझं मत उलटं आहे. आधी कॉम्प्रेसर, मग ब्लास्टिंग करणाऱ्याच्या श्वासाच्या हवेचा सेट, आणि उरलेल्या पैशांत पॉट.

आहे त्या कॉम्प्रेसरवर काम काढायचं तर नोझल ३ मिलिमीटरचं लावा. काम हळू होईल, पण सलग होईल. मोठे गर्डर करायचे असतील तर २५ एचपीच्या स्क्रू कॉम्प्रेसरखाली बोलणंच नको. होजचं आतलं माप नोझलच्या भोकाच्या तिप्पट-चौपट ठेवा, होज लागेल तेवढाच लांब घ्या आणि त्याला वेटोळी पडू देऊ नका. नोझल झिजतं हेही लक्षात असू द्या. ६ चं ८ झालं की हवेची गरज दीडपटीच्या वर जाते आणि मालक म्हणतो, ‘कॉम्प्रेसर म्हातारा झाला.’ ड्रिलची दांडी घालून महिन्यातून एकदा भोक मोजा. दीड मिलिमीटर वाढलं की नोझल बदला.

प्रश्न : आमच्या वेल्डरने जुन्या घरगुती गॅस सिलिंडरचा पॉट करून द्यायची तयारी दाखवली आहे. त्याचं म्हणणं, सिलिंडर २५ किलोवर टेस्ट झालेला असतो, आपल्याला लागतं फक्त ७. खर्च पाचव्या हिश्श्यात. काय करावं?

करू नये. आकडा तो बरोबर सांगतोय, पण ती टेस्ट अख्ख्या सिलिंडरची. कापला, भोकं पाडली, वर झाकणाची रिंग वेल्ड केली की ती टेस्ट गेली. शिवाय रेती किंवा ग्रिट आतून पत्रा घासत राहतो, आणि बाहेरच्या रंगावरून आतली जाडी कळत नाही.

साधा गुणाकार करा. झाकण १५ सेंटिमीटर व्यासाचं धरलं तरी क्षेत्रफळ होतं सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर. ७ किलोला त्या झाकणावर सव्वा टनाचा रेटा येतो. सिलिंडरच्या तळावर साडेपाच टनांचा. आणि पॉट भरताना माणूस वाकलेला असतो तो नेमका झाकणावर. सिलिंडर मालकीने गॅस कंपनीचा असतो आणि कापताना आत उरलेला गॅस पेटतो, हे दोन मुद्दे तर वेगळेच.

विकत घेताना पॉटवर डिझाइन प्रेशर आणि हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाच्या चाचणीची) प्लेट आहे का, सेफ्टी व्हॉल्व्ह आहे का, एवढं पाहा. त्यानंतर त्या भांड्यावर हुक लावायलासुद्धा वेल्डिंग नको.

प्रश्न : माझे मिस्टर सहा वर्षं सँडब्लास्टिंगला आहेत. नदीची रेती वापरतात, तोंडाला ओला रुमाल बांधतात. आता जिना चढताना दम लागतो, खोकला जात नाही. जवळच्या डॉक्टरांनी टीबीची औषधं द्यायचं ठरवलंय. धूळ तर सगळेच खातात, त्याने एवढं होतं का? – प्रतापनगर

ताई, तुमचं पत्र सगळ्यात आधी छापायला हवं होतं. होतं, आणि याच कामात सगळ्यात लवकर होतं.

नदीची रेती म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, म्हणजेच सिलिका. ती लोखंडावर आपटली की फुटते आणि केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक कण उडतात. डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात, घशात अडकते. न दिसणारी फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथे चट्टे पडतात. याला सिलिकोसिस म्हणतात. ओला रुमाल त्या बारीक कणांना अडवत नाही. हा आजार बरा होत नाही, आणि काम सोडल्यावरही वाढू शकतो. म्हणूनच ब्रिटनने १९४९ साली नियम करून ब्लास्टिंगमध्ये वाळू वापरायला बंदी घातली. आपल्याला उदाहरणासाठी तेवढं लांब जायचंही कारण नाही. खंभातचे अकीक घासणारे कारागीर आणि गोध्र्याकडच्या क्वार्ट्झ दळण्याच्या कारखान्यांत राबून आलेले अलिराजपूर-झाबुआचे मजूर याच आजाराने गेले आहेत.

टीबीचं म्हणाल, तर डॉक्टर चुकलेच असं मी म्हणणार नाही. सिलिका गेलेल्या फुप्फुसाला टीबी लवकर धरतो, दोन्ही एकत्र असू शकतात, आणि एक्स-रेत एकाचा दुसऱ्यावर घोटाळाही होतो. म्हणून औषधं टाळू नका, पण थुंकी तपासायचा आग्रह धरा. डॉक्टरांना ‘कारखान्यात आहेत’ एवढंच सांगू नका. ‘सहा वर्षं रेतीचं ब्लास्टिंग करतात’ असं पूर्ण वाक्य सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. सयाजी हॉस्पिटलच्या छातीच्या विभागात छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी, दोन्ही करून घ्या. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर ते काढून ठेवा. सिलिकोसिस त्या कायद्यात कामामुळे होणारा आजार म्हणून धरलेला आहे, आणि जुन्या कारखाने कायद्यापासून तो डॉक्टरांनी सरकारला कळवायचाच आजार आहे.

तोवर त्यांना रेतीपासून लांब ठेवा. कपडे घरी आणून झटकू नका, ओले करून धुवा. कामावरून निघताना कॉम्प्रेसरच्या हवेने अंग झाडायची सवय असेल तर तीही बंद.

आणि हे मालक वाचत असतील तर त्यांच्यासाठी : रेती स्वस्त दिसते, कारण ती एकदाच वापरून फेकली जाते आणि तिचं खरं बिल दुसऱ्याच्या घरी जातं. गार्नेट (एक कठीण खनिज) गाळून पुन्हा वापरता येतं. बंद खोली असेल तर स्टील ग्रिट कितीतरी फेऱ्या चालतो. कॉपर स्लॅगमध्ये (तांबं गाळून उरलेल्या मळीत) मोकळी सिलिका कमी असते, पण जड धातूंचे अंश असतात. तेव्हा रेती बदलली म्हणून हेल्मेट सुटत नाही. हेल्मेट म्हणजे बाहेरून स्वच्छ हवा येणारं, खांद्यापर्यंत झालर असलेलं ब्लास्टिंगचं हेल्मेट. त्याची हवा तेलावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमधून घेत असाल तर फिल्टर आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लागतोच. तापलेलं तेल हा वायू सोडू शकतं, त्याला वास नसतो, आणि साधा फिल्टर त्याला थांबवत नाही. कॉम्प्रेसर हवा ओढतो ते तोंड डिझेल जनरेटरच्या किंवा टेम्पोच्या धुराड्याजवळ नको.

प्रश्न : पावसाळ्यात पॉट सारखा चोक होतो. मजूर हातोडीने ठोकतात. – पोर गाव

पाणी जातंय. जुलै-ऑगस्टमध्ये बडोद्याची हवा ओलीच असते. दाबून पुन्हा थंड झाली की तेच पाणी वेगळं होतं. कॉम्प्रेसरनंतर आफ्टरकूलर (हवा थंड करणारा) आणि पॉटच्या तोंडाशी मॉइश्चर सेपरेटर (पाणी वेगळं काढणारा) लावा, टाकीचा ड्रेन कॉक दिवसातून दोन-तीनदा सोडा, पॉट रात्री भरलेला ठेवू नका. होज आणि पॉट प्रेशरमध्ये असताना ठोकणं म्हणजे आत्महत्येची तयारी. आणि ब्लास्ट केलेला जॉब दमट हवेत तसाच ठेवलात तर काही तासांत लाल पडेल. प्रायमर त्याच दिवशी, पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम असताना.

प्रश्न : नोझलजवळचं हँडल सतत दाबून हात दुखतो, म्हणून आमचा कारीगर ते तारेने बांधतो. चालेल ना?

चालणार नाही. हात सुटला की हवा बंद व्हावी एवढ्यासाठीच ते हँडल आहे. माणूस घसरला आणि होज हातातून निसटला, तर तो सापासारखा फिरतो आणि ग्रिट मारतच राहतो. ते जिथे लागेल तिथे कातडी शिल्लक राहत नाही.

हात दुखत असेल तर पाळी लावा, अर्ध्या तासाने माणूस बदला. होजचा भार खांद्यावर घ्या किंवा दोरीने टांगा.

इथे एक बारकावा पुष्कळांना माहीत नसतो. काही पॉटमध्ये हँडल सोडलं की अख्खा पॉट रिकामा होतो, वरचा पॉप-अप व्हॉल्व्ह (पॉटचं भरायचं तोंड बंद करणारा) खाली पडतो. काहींमध्ये फक्त होज बंद होतो आणि पॉट ७ किलोवर तसाच भरलेला उभा असतो. आपला कुठला, हे कारीगराला दाखवून द्या. दुसऱ्या प्रकारात ब्लोडाऊन (पॉटची हवा सोडायचा व्हॉल्व्ह) उघडून काटा शून्यावर आल्याशिवाय कपलिंगला, म्हणजे होजच्या जोडाला, हात नाही. प्रत्येक कपलिंगला पिन आणि व्हिप चेकची तार (जोड सुटला तरी होज धरून ठेवणारी) हवीच. त्या जागी बाइंडिंग वायर पिळलेली दिसली की मी पुढचं काही बघतच नाही.

प्रश्न : मी फाइन आर्ट्सला शिल्पकला शिकते. ग्रॅनाइटवर अक्षरं कोरायला गार्नेट वापरते, म्हणजे सिलिका नाही. एन-९५ पुरेल का?

गार्नेटमध्ये सिलिकेट असतं, पण क्वार्ट्झसारखी मोकळी सिलिका नगण्य. ती तुझ्या दगडात मात्र आहे. ग्रॅनाइटमध्ये भरपूर, वाळूच्या दगडात त्याहून जास्त. तू तोच फोडते आहेस. तेव्हा एन-९५ नाही. लहान तुकडे बंद कॅबिनेटमध्ये, धूळ ओढणाऱ्या यंत्रासकट. दार उघडण्याआधी थोडं थांबायचं, धूळ खाली बसू द्यायची. मोठी पाटी असेल तर हवा पुरवणारं हेल्मेट, आणि आसपास वर्गमित्र उभे नकोत. कानात प्लग घाल. नोझलचा आवाज ११० डेसिबलच्या घरात जातो, दिवसाकाठी थोडाच वेळ केलंस तरी.

प्रश्न : गाड्यांचे अलॉय (ॲल्युमिनियमचे) रिम लोखंडाला वापरतो त्याच स्टील ग्रिटने करतो. रंग झटपट निघतो, पण नंतर तांबूस ठिपके येतात.

स्टीलचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून गंजतात. रिमसाठी ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेचे मणी वापरा, प्रेशर ३-४ किलोवर आणा. ठिपक्यांपेक्षा मला काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. गंजलेल्या लोखंडाचा आणि ॲल्युमिनियमचा भुगा एकाच डस्ट कलेक्टरमध्ये जमू देऊ नका. ठिणगी पडली तर तो पाण्याने विझत नाही. कलेक्टर आधी रिकामा करून पुसून घ्या, पॉटला आणि होजला अर्थिंग द्या, आणि रिमचं काम वेगळ्या दिवशी लावा.