लेझर उपचारानंतर अँजायनाच्या रुग्णाचे रोजचे जगणे सुधारते का?

बायपास आणि अँजिओप्लास्टी दोन्ही शक्य नसल्याने वडिलांना लेझर, म्हणजे हृदयाच्या स्नायूत लेझर किरणांनी बारीक छिद्रे पाडण्याचा उपचार, सुचवले आहे आणि त्यानंतर ते दादरच्या पुलाचा जिना चढू शकतील का, असे तुम्ही विचारले आहे. बऱ्याच रुग्णांना फरक पडतो. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या, छाती उघडून केलेल्या लेझरच्या दोन अमेरिकी चाचण्यांत, वर्षभरानंतर अँजायना (हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत होणारी वेदना) तीव्रतेच्या चार श्रेणींपैकी किमान दोन श्रेणींनी उतरलेल्यांचे प्रमाण लेझर झालेल्यांत 72 व 76 टक्के, तर नुसत्या औषधांवर असलेल्यांत 13 व 32 टक्के होते. दोन श्रेणी म्हणजे, अंघोळ करतानाही ज्याची छाती आवळून येते, त्याने एक मजला नेहमीच्या चालीने न थांबता चढणे. वडीलधाऱ्या माणसाला याचे मोल किती, हे चाळीत राहणाऱ्यांना सांगायला नको.

मात्र या चाचण्यांत आपल्याला लेझर मिळाला हे रुग्णांना ठाऊक होते. पुढे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या, मांडीतून नळी घालून केलेल्या लेझरच्या चाचणीत खोटा उपचार झालेल्यांनाही जवळपास तेवढाच आराम पडला, आणि उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2009 मध्ये दोन्ही प्रकारचा लेझर वापरू नये, असा सल्ला दिला. आयुष्य वाढते, असेही खात्रीने सिद्ध झालेले नाही.

म्हणून होकार देण्यापूर्वी हृदय किती टक्के पंप करते आणि औषधे पूर्ण मात्रेत देऊन झाली का, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. लेझरनंतरही औषधे चालूच राहतात, आणि जिभेखालची गोळी खिशात ठेवावीच लागते.